नाकातली नळी, गळ्यातली माळ: एका माळकरी आईच्या शुश्रूषेचं प्रकरण

फलटण शहरातलं घर. आई ७६ वर्षांची, चाळीसेक वर्षांपासून माळकरी. मधुमेह १४ वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना. घरात धाकटा मुलगा (५२), सून (४६) आणि कॉलेजात जाणारा नातू. थोरला मुलगा नवी मुंबईत, मुलगी बारामतीत. कार्तिकी एकादशीनंतर तिसऱ्या दिवशी पहाटे आई अंथरुणातून उठेना. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, शब्द फुटेना. झोपेत नेमकं कधी झालं ते कळलं नाही, त्यामुळे गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत मोजताच आली नाही. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. ११ दिवसांनी आई घरी आली तेव्हा नाकात अन्नाची नळी होती, लघवीची नळी होती आणि वजन ४६ किलोवर आलं होतं.

ओळख पटू नये म्हणून, आणि एकाच घरात सगळं घडत नाही म्हणून, अशा घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका घरात आणून मांडल्या आहेत. घरी सोडताना रुग्णालयातून जो कागद मिळतो त्यात औषधं असतात, नळीची निगा असते. एकादशीला काय करायचं, तीर्थ द्यायचं का, माळ कुठे गेली, हे त्यात नसतं. माळकरी घरात मात्र शुश्रूषेचे अर्धे पेच याच रूपात समोर येतात, आणि ते वेळेवर ओळखले नाहीत तर त्यांची किंमत शरीर मोजतं.

नळी ओढण्याचं कारण

पहिल्या आठवड्यात आईने नाकातली नळी तीनदा ओढून काढली. डावा हात चांगला होता. तो सारखा गळ्याशी जायचा, चाचपायचा आणि नळीत अडकायचा. दर वेळी नळी पुन्हा घालायला दवाखान्यात नेणं, त्यात नाकातून रक्त येणं, आईचं कण्हणं. तिसऱ्यांदा तिथून सल्ला मिळाला की हात पलंगाला बांधून ठेवा. सुनेने एक रात्र बांधला. आई रात्रभर रडली.

चौथ्या दिवशी भेटायला आलेल्या भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "हिची माळ कुठाय?" तपासणीच्या वेळी माळ कापून काढली होती आणि ती एका पाकिटात, रिपोर्टांच्या फायलीत पडून होती. माळकऱ्याच्या गळ्यातून माळ उतरणं म्हणजे काय, हे घरातल्या कुणाला माहीत नव्हतं असं नाही. त्या गडबडीत कुणाला सुचलं नव्हतं, इतकंच.

माळ ओवून घेतली, महाराजांना घरी बोलावून त्यांच्या हातून घातली. नळी ओढणं त्या दिवसापासून बंद झालं नाही, पण आठवड्यात तीनदाचं पुढच्या महिन्यात एकदा झालं. वाचा गेलेल्या माणसाचा अस्वस्थ हात काहीतरी शोधत असतो, हे गृहीत धरून आधी शोधायचं आणि बांधण्याचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. दुखतंय का, लघवीची नळी तुंबली आहे का, शी कडक झाली आहे का, आणि अशा घरात माळ जागेवर आहे का, हे चार प्रश्न त्या क्रमाने विचारावेत.

माळेचीही एक काळजी घ्यावी लागते. कुशीवर झोपवलं की जाड मणी मानेच्या कातडीत रुततात, आणि अर्धांगाच्या बाजूला ते कळत नाही. बारीक मण्यांची माळ घ्यावी, दोरा दोन बोटं सैल ठेवावा आणि कूस बदलताना माळ हाताने पुढे घ्यावी. नळीची चिकटपट्टी गालावर लावावी, गळ्याकडे नेऊ नये.

जोडलेले हात

आल्यागेल्याची एक सवय असते. विठ्ठलाचा फोटो समोर धरायचा आणि आजारी माणसाचे हात उचलून जोडून द्यायचे. प्रेमाने करतात. या आईचा उजवा खांदा तीन आठवड्यांत निखळल्यासारखा झाला. खांद्याच्या वरच्या टोकाखाली बोटभर खळगा पडला आणि हात हलवला की ती विव्हळायला लागली. अर्धांगात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात, सांधा हाताच्या नुसत्या वजनाने खाली सरकतो. त्यात मनगट धरून वर ओढलं की आतल्या दोऱ्या ताणल्या जातात. पुढची दुखणी महिनोन्‌महिने राहतात.

नमस्कार बंद करायचं कारण नव्हतं. फिजिओथेरपिस्टने तो नीट करायला शिकवला. आपला एक हात रुग्णाच्या उजव्या कोपराखाली आणि दुसरा तळव्याखाली ठेवायचा. हात उचलायचा नाही, मांडीवरच्या उशीवर मधोमध सरकवायचा. मग रुग्णाला तिचा डावा हात त्यावर आणून ठेवू द्यायचा. हात छातीच्या वर न्यायचा नाही. आईला हे जमलं. दिवसातून दोनदा, देवाच्या फोटोसमोर, डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात शोधून त्यावर ठेवणं हा तिचा सर्वांत नियमित व्यायाम ठरला. तीच हालचाल "हात हलवा आजी" म्हणून सांगितली असती तर तिने केली नसती.

चमचाभर तीर्थ

घरी आल्यापासून येणारा प्रत्येक जण काहीतरी आणत होता. चंद्रभागेचं पाणी, अभिषेकाचं तीर्थ, अंगारा. तीर्थ चमचाभर तोंडात घातलं जात होतं. आईला ठसका लागत नव्हता, म्हणून सगळ्यांना वाटलं की गिळतंय. एकोणिसाव्या दिवशी १०२ ताप, श्वास मिनिटाला ३२, छातीत घरघर. अन्नमार्गाऐवजी श्वासनलिकेत गेलेल्या पाण्यामुळे झालेला न्यूमोनिया. पुन्हा सहा दिवस रुग्णालयात.

पाणी, चहा, तीर्थ असे पातळ पदार्थ लकव्याच्या रुग्णाला सगळ्यात धोक्याचे असतात. घट्ट घास घशाशी थांबतो, पाणी थांबत नाही. मेंदूने घशाला बंद होण्याचा हुकूम देण्याआधीच ते खाली ओघळतं. घशाची जाणीव गेली असेल तर ठसकाही लागत नाही. ठसका न लागणं हा गिळता येत असल्याचा पुरावा धरू नये. दिल्यानंतर आवाज ओला, गुरगुरता होणं, अर्ध्या तासात श्वास वाढणं, संध्याकाळी बारीक ताप येणं या खुणा बघाव्यात.

यावर घराने काढलेला मार्ग असा होता. आणलेलं तीर्थ उकळून गार करायचं, कारण नदीचं कच्चं पाणी अशा छातीला झेपत नाही. स्वच्छ फडक्याचा कोपरा बुडवून, पिळून, ओठांवरून आणि जिभेच्या टोकावरून फिरवायचा. उरलेलं ५ मिली अन्नाच्या वेळी नळीतून द्यायचं. "नळीतून गेलेलं तीर्थ चालतं का?" असं मुलाने महाराजांना विचारलं. तीर्थ घेण्यात भाव महत्त्वाचा, वाट कोणतीही असो, असं ते म्हणाले. डॉक्टरांनी हेच सांगितलं असतं तर घराने मान डोलावली असती आणि पाहुण्यांसमोर पुन्हा चमचा पुढे झाला असता. महाराजांचा शब्द पाहुण्यांनाही सांगता आला. अशा घरात महाराज, भजनी मंडळातलं जाणतं माणूस किंवा गुरव यांच्यापैकी एकाला पहिल्याच आठवड्यात विश्वासात घेणं हे शुश्रूषेचंच काम आहे.

तोंडाची स्वच्छता इथेच सांगायला हवी, कारण नळीने जेवणाऱ्याचं तोंड घासायचं राहून जातं. तोंडात साचलेले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. दिवसातून तीनदा, डोकं एका कुशीला करून, मऊ ब्रश किंवा ओल्या गॉजने दात, हिरड्या, जीभ आणि टाळू पुसावा. पाणी ओतून चूळ भरायला लावू नये.

नळीतून अन्न देताना पाठ ३० ते ४५ अंश उंच हवी आणि दिल्यानंतर निदान पाऊण तास तशीच ठेवावी. एका वेळी २०० ते २५० मिली, दिवसातून सहा वेळा. सिरिंजचा दट्ट्या काढून, नळी वर धरून, आपोआप उतरू द्यावं, दाबून ढकलू नये. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. नाकपुडीशी नळीवर पेनने खूण करून ठेवावी. खूण बाहेर सरकलेली दिसली तर अन्न थांबवावं. नळी घरी आत ढकलू नये. अंगारा नळीत कधीही घालू नये, नळी चोंदते आणि पोटात काय गेलं ते कळत नाही. कपाळाला ओल्या बोटाने लावावा. बुक्क्याचंही तेच, कारण कोरडा बुक्का नाकाजवळ उडतो.

धूप, उदबत्ती, कापूर दुसऱ्या खोलीत गेले. न्यूमोनियानंतर महिनाभर ऑक्सिजनचं यंत्र होतं, तेव्हा समईही हलवली. ऑक्सिजन चालू असताना तीन मीटरच्या आत ज्योत नको. पांघरुणात मुरलेला ऑक्सिजन यंत्र बंद केल्यावरही काही वेळ राहतो. पलंगावरून दिसेल अशा जागी, दाराबाहेरच्या कोनाड्यात, विजेचा छोटा दिवा लावला.

एकादशी

सात आठवड्यांनी गिळणं सुधारलं आणि तपासणी करून नळी निघाली. अर्धा चमचा घास, हनुवटी छातीकडे, घास डाव्या म्हणजे चांगल्या गालात, गिळलेलं दिसल्याशिवाय पुढचा घास नाही. एक जेवण ४० मिनिटांचं. जमत होतं. मग पौषातल्या एका सकाळी आईने तोंड घट्ट मिटलं. सुनेने इन्सुलिन सात वाजताच दिलं होतं. दहा वाजेपर्यंत तीन वेळा प्रयत्न झाले. साडेदहाला आईला दरदरून घाम फुटला, नजर ठरेना. साखर ५८.

७० च्या खाली साखर गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे, लगेच द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. शुद्ध असेल तरच तोंडाने. गुंगीत असलेल्या लकव्याच्या रुग्णाच्या तोंडात साखरपाणी ओतलं तर तेच फुप्फुसात जातं. इथे सुनेने मध बोटाने हिरडीला लावत वेळ काढला आणि शेजारच्या डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. कॅलेंडर पाहिल्यावर कळलं, एकादशी होती. जी बाई "पाणी" म्हणू शकत नव्हती तिला तिथी कशी कळली, यावर घरात बरीच चर्चा झाली. बहुधा रेडिओवरच्या अभंगांवरून, सकाळी स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासावरून आणि नातवाच्या बोलण्यावरून. वाचा गेली म्हणजे समज गेली असं धरलं जातं, त्यातून असे प्रसंग येतात.

आजारी माणसाला उपवास माफ असतो हे सगळेच सांगतात. पण तो माफ करून घ्यायचा की नाही हे आईने ठरवायचं होतं, आणि ते विचारायची रीत साधी होती. पुढच्या एकादशीच्या आदल्या दिवशी तिच्यासमोर दोन वाट्या ठेवल्या. एकीत दुधात कुस्करलेली भाकरी, दुसरीत राजगिऱ्याची खीर. "उद्या एकादशी आहे, काय खाणार?" डावा हात राजगिऱ्याकडे गेला. वाट्यांच्या जागा बदलून पुन्हा विचारलं, पुन्हा राजगिरा. प्रश्न सुटला. तिला उपाशी राहायचंच नव्हतं. तिला धान्य नको होतं.

मग घराने एकादशीचा तक्ता केला. महिन्यातून दोनदा, कॅलेंडरवर लाल गोल. दोन दिवस आधी डॉक्टरांना फोन करून त्या दिवसाचा इन्सुलिनचा डोस विचारून लिहून ठेवायचा, आपल्या मनाने कमी करायचा नाही. इन्सुलिन खाणं समोर आल्यावर आणि पहिले चार घास गेल्यावर. साखर दिवसातून चार वेळा. पदार्थांत साबुदाण्याची खिचडी पूर्ण बाद, कारण दाणे सुटे होऊन घशात विखुरतात, शेंगदाण्याचं कूट श्वासात जातं आणि साखरही झपाट्याने वाढते. भगर चालते, पण नेहमीसारखी मोकळी नाही. एका वाटीला पाच वाट्या पाणी, पूर्ण गाळ होईपर्यंत शिजवून, मिक्सरमधून काढून, अख्खे जिरे न घालता, ताकात सरसरीत. चमचा तिरका केला की गोळा सावकाश घसरला पाहिजे. पाण्यासारखा ओघळला तर पातळ, चिकटून राहिला तर घट्ट. रताळं उकडून दशा काढून दुधात. शिंगाड्याच्या पिठाची लापशी सगळ्यात सोपी जाते.

घर २४ एकादश्यांची गणना मांडत होतं तेव्हा थोरल्या मुलाला हा सगळा खटाटोप अनाठायी वाटला. आमचं मत वेगळं आहे. अंगावरचे कपडे, जेवणाची वेळ, कूस बदलणं, शी-लघवी, यातलं काहीच या बाईच्या हातात उरलं नव्हतं. वाटी निवडणं उरलं होतं.

हरिपाठ आणि "नको"

संध्याकाळी नातू पलंगाशी बसून हरिपाठ म्हणायचा. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी ओळीच्या शेवटी आईचा आवाज आला. अस्पष्ट, पण शब्द बरोबर. पुढच्या ओळीला पुन्हा. घर हललं. देवाने वाचा परत दिली, असं मुलाने नातेवाइकांना फोनवर सांगितलं. आठवडाभरात वाचा-उपचाराचे व्यायाम बंद पडले, आता येईलच वाचा म्हणून.

डाव्या मेंदूला मार बसून नवीन वाक्य जुळवण्याची शक्ती गेली तरी वर्षानुवर्षांची पाठ झालेली, चालीतली ओळ बऱ्याचदा शाबूत राहते. ती मेंदूच्या वेगळ्या वाटांनी येते, त्यात उजव्या बाजूचाही वाटा असतो. त्यामुळे हरिपाठ म्हणणारी आई पाच मिनिटांनी पाणी मागू शकत नाही, यात ढोंग नाही, हट्ट नाही. हे सांगितल्यावर मुलगा खट्टू झाला. त्याला वाटलं, त्याचा चमत्कार काढून घेतला. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी वाद घातला नाही. चाळीस वर्षं रोज म्हटलेलं आज तिच्या उपयोगी पडतंय, आता आपण त्याचा हात धरून पुढे जाऊ, असं त्या म्हणाल्या आणि त्याच चालीवर काम सुरू केलं. हरिपाठानंतर लगेच दहा मिनिटं, डाव्या हाताने मांडीवर ताल, आणि त्याच लयीत घरगुती शब्द: पा-णी, न-को, दुख-तंय. हरिपाठ मध्येच थांबवून "आता हे म्हण" असं करायचं नाही. तिची ती एकमेव अखंड गोष्ट होती, तिची परीक्षा करायची नाही.

चार महिन्यांनी "नको" पक्का आला. "हरी" प्रत्येक गोष्टीला येत होता, भूक, राग, आनंद, सगळ्याला. सून सुरावरून ओळखायला शिकली. याहून जास्त वाचा आली नाही.

सून

हा भाग प्रकरणलेखनात सहसा दोन ओळींत उरकतात. इथे तसं करता येणार नाही.

दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, पाठ, उजवी, पुरतं आडवं न करता ३० अंश कललेली, पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. हवेची गादी घेतली तरी हे चुकत नाही. माकडहाडावर लाली दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावर ती पांढरी पडली नाही, तर जखमेची सुरुवात झाली आहे. त्यावर चोळायचं नाही, त्या बाजूवर झोपवायचं नाही. रात्री अकरा, एक, तीन, पाच. पहिले पाच महिने हे सगळं सुनेने केलं. येणारे म्हणायचे, "पुण्य लागेल गं तुला." आईची एक भाची म्हणाली, "कुणाचे भोग कुणाला चुकत नाहीत." फाल्गुनात माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली, तेव्हा कुणीतरी सेवेत खोट राहिली असंही बोलून गेलं.

आणखी एक गोष्ट होती. दर महिन्याला चारेक दिवस आई सुनेच्या हातचा घास घेत नव्हती. मुलाने भरवलं तर खायची. सुनेला कारण माहीत होतं, तिने कुणाला सांगितलं नाही. विटाळ आईने आयुष्यभर पाळला होता. या समजुतीशी आम्ही सहमत नाही, आणि जी बाई आईची शी काढते तिच्या हातचं अन्न त्या दिवसांत चालू नये हे तिला किती लागलं असेल ते सांगायला नको. पण अर्धी वाचा गेलेल्या ७६ वर्षांच्या बाईशी हा वाद घालण्याची ती वेळ नव्हती. मुलगी बारामतीहून आली तेव्हा सुनेने पहिल्यांदा हे बोलून दाखवलं. त्यावर ठरलं की ते चार दिवस सून आईचं काहीच करणार नाही. मुलगा आणि नातू करतील, सून आतल्या खोलीत झोपेल, दार लावून. आईची अडचण तशीच राहिली, सुनेला महिन्यात चार पूर्ण रात्री मिळाल्या.

चैत्रात सुनेने देवघरात दिवा लावणं सोडलं. भांडण नाही, घोषणा नाही. संध्याकाळ व्हायची आणि ती दुसऱ्या कामाला लागायची. नवऱ्याच्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. तिचं म्हणणं एवढंच होतं: ज्या बाईने एवढ्या वाऱ्या केल्या तिची ही गत होत असेल तर मी कुणाला दिवा लावू?

याला उत्तर द्यायला बरेच जण पुढे येतात. देऊ नये. महाराजांनी तिला पुंडलिकाची गोष्ट सांगितली, पण वेगळ्या टोकाने. आईबापांची सेवा चालू आहे म्हणून पुंडलिकाने दारात आलेल्या देवाला वीट फेकली आणि थांब म्हटलं. देव रागावला नाही, उभा राहिला. "तुझा दिवा तू विटेवर ठेव," एवढं बोलून ते गेले. तिने दिवा लावला नाही, पण न लावण्याचा अपराधी भाव गेला, रात्री रडणं कमी झालं. या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. ती नेहमी मुलाची म्हणून सांगितली जाते आणि घरात सेवा सुनेच्या वाट्याला येते. पुंडलिक एकटा होता, पण सेवेला एकटं माणूस पुरत नाही.

म्हणून रात्रीची वाटणी झाली. दहा ते दोन मुलगा, दोन ते सहा सून. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवार-रविवारी मुलगी. थोरल्याने दिवसाच्या आठ तासांसाठी शुश्रूषेला ठेवलेल्या मावशींचा पगार उचलला. मुलाला आईचं अंग पुसायला लाज वाटत होती, आईलाही. डाव्या हाताने ती गाऊन मांडीवर दाबून धरायची. उपाय साधा असतो. आधी बोलून सांगायचं, वर चादर धरायची, जेवढं पुसायचं तेवढंच उघडं, आणि बोलत राहायचं ते दुसऱ्याच कशाबद्दल. नऊवारी नेसणं शक्य नव्हतं, पण मागून उघडणाऱ्या गाऊनवर जुन्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन ठेवला की महाराज आले तरी ती सैल बसायची.

नवस

थोरल्याने नवस बोलला होता: आई चालली तर तिला घेऊन पंढरपूरला पायी. शिवाय कुणीतरी त्याला सांगितलं होतं की अमुक ठिकाणी नऊ दिवस गोळ्या बंद ठेवून धागा बांधावा. रक्त पातळ ठेवणारी आणि रक्तदाबाची गोळी नऊ दिवस बंद म्हणजे दुसऱ्या झटक्याला आमंत्रण. धाकट्याने वाद न घालता एक अट ठेवली: नवसाने भर पडू दे, औषधातलं काही कमी होता कामा नये. धागा बांधला गेला, गोळ्या चालू राहिल्या. धागा डाव्या मनगटात, सैल. लुळ्या हाताला सूज येते, तिथे घट्ट धागा काचतो.

पंढरपूर शंभरेक किलोमीटर. जखम भरत असताना दोन-अडीच तास गाडीत बसवणं डॉक्टरांना मान्य नव्हतं. २०२० साली ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, वाट बदलली तरी वारी झाली, याची आठवण मुलीने करून दिली. फलटण पालखीच्या वाटेवरच आहे. आषाढीआधी पालखी आली तेव्हा आईला चाकाच्या खुर्चीत, रस्त्यालगतच्या एका दुकानाच्या ओट्यावर नेलं. पालखी यायच्या तासभर आधी, गर्दी दाटण्यापूर्वी. जेवण दीड तास आधी आटोपलेलं, कमर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, उजवा हात उशीवर, पाय पायठ्यांवर, धुळीसाठी नाकावर ओला पंचा, दर वीस मिनिटांनी एका बाजूला कलवून दाब मोकळा. एकूण दीड तासाच्या वर थांबायचं नाही, हे आधीच ठरलेलं. दिंडीतला एक अनोळखी वारकरी तिच्या गळ्यातली माळ बघून थांबला आणि वाकून पाया पडला. आईने डावा हात उचलून त्याच्या टोपीवर ठेवला. "हरी" म्हणाली.

शेवटचे दिवस

श्रावणात तिसरा न्यूमोनिया. दुसऱ्यानंतरच डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता प्रत्येक वेळी ताकद कमी उरेल. व्हेंटिलेटर लावायचा का, हा प्रश्न आला. आईचं लेखी काही नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली ते सोपं केलं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण ते शुद्धीत, आपलं म्हणणं सांगता येत असताना करायचं असतं.

थोरल्याला व्हेंटिलेटर हवा होता. त्याने कारण सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले: चार दिवसांवर एकादशी आहे, तोवर तरी. डॉक्टरांनी हे हसण्यावारी नेलं नाही. घशात नळी घालून, गुंगीत, हात बांधून चार दिवस काढले तर ती एकादशी कशी असेल, हे त्यांनी शांतपणे वर्णन केलं. आणि घरी ठेवलं तर श्वासाची तडफड कशी कमी करता येईल तेही. घरी ठेवायचं ठरलं.

मॉर्फिनबद्दल धाकट्याची शंका वेगळी होती. शुद्ध हरपली तर आई शेवटी नाम कसं घेणार? माळकऱ्यासाठी हा प्रश्न वेदनेइतकाच मोठा असतो. श्वासाच्या त्रासासाठी सुरुवातीचा डोस अगदी लहान होता, १० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग चुरून, थेंबभर पाण्यात, गालात. गरज पडेल तसा, चार तासांच्या अंतराने. तो नीट दिला तर मरण लवकर येत नाही, श्वासाची घाई कमी होऊन माणूस जरा निवांत होतो. संध्याकाळचा डोस हरिपाठाच्या तासभर आधी ठेवला, हरिपाठ सुरू व्हायला त्याचा गुण आलेला असायचा. शौचाची गोळी सोबत, नाहीतर शी दगड होते. आणि नाम तिच्या कानाशी कुणीतरी घेत राहिलं. प्रतिसाद थांबल्यानंतरही ऐकू येत असण्याची शक्यता असते, म्हणून त्या खोलीत रडारड, हिशेब आणि वाद बंद.

भुईवर घ्यायचं होतं. ते शेवटच्या श्वासाला करायला जाऊ नये. घाईत उचलताना नळ्या ओढल्या जातात, माणूस गुदमरतो. अष्टमीला, आई स्थिर असताना, चौघांनी चादरीवरून तिला जमिनीवरच्या गादीवर घेतलं आणि तिथेच ठेवलं. घशातली घरघर ऐकून सगळे घाबरले. ती गिळता न येणाऱ्या लाळेची असते, रुग्णाला तिचा त्रास सहसा जाणवत नाही. कुशीवर वळवावं, नळी घालून खेचत बसू नये. गंगाजल ओठांना, थेंबाने. तुळशीपत्र जिवंतपणी तोंडात ठेवलं तर घशात अडकतं. ते डाव्या हातात दिलं, तोंडात नंतर ठेवलं.

नवमीच्या रात्री आई गेली. लघवीची नळी काढण्याआधी सिरिंजने तिच्या फुग्यातलं पाणी काढावं लागतं, नाहीतर इजा होते. हे सुनेला ठाऊक होतं, तिनेच केलं. डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घेतला, नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. थोरला दोन दिवस कमी पडले म्हणत राहिला. त्या वर्षी सुतकामुळे घरात गणपती बसला नाही.

रात्री एक आणि तीनला सुनेला जाग येत राहिली. काही आठवडे ती येऊ शकते, तोवर दुपारी तासभर झोपू द्यावं. त्यानंतरही येत राहिली, खाणं सुटलं किंवा माणूस बोलेनासा झाला तर डॉक्टरांना दाखवावं.

तेराव्यानंतर पाचव्या दिवशी एकादशी आली. सुनेने भगर टाकली. शिजल्यावर झाकण काढलं तर ती सरसरीत झाली होती. एका वाटीला पाच वाट्या पाणी पडलं होतं.